हबीब पेंटर आणि उघडा खांदा

पांढरकवड्यात बोललं जाई की हबीब पेंटर दार लावून बायांचे कपडे उतरवतो. कुंचल्यानं का होईना, उतरवतो!

साफ खोटं. हबीबचाचा कपडे चढवत. नागपूरच्या रद्दीतून इंग्रजी गुन्हेकथांची जुनी मासिकं येत. मुखपृष्ठावर पिस्तूल, धूर आणि अर्धीमुर्धी झाकलेली गोरी बाई. रहेमान न्हाव्याला आपल्या सलूनच्या भिंतीवर तीच हवी असे, पण पोरांना घेऊन आलेले बाप ती पाहून उठून जात. म्हणून चित्र आधी चाचांकडे जाई. चाचा बाह्या चढवत, डोक्यावर पदर देत. पिस्तुलाला मात्र हात लावत नसत. पदर घेतलेली मेम गिऱ्हाइकांवर नेम धरून बसे.

चाचांना एकच आस होती, आपलं स्वतःचं चित्र एकदा छापून यावं. बासष्ट साली ट्रकवाल्या खेमसिंगनं त्यांचं एक चित्र नागपूरच्या एका रहस्यकथा-मासिकाच्या कचेरीत दाखवलं. संपादकांचा निरोप आला, "हात छान आहे. उघड्या खांद्याची बाई पाठवा, दिवाळी अंकावर घेतो. झाकलेली खपत नाही."

सलूनच्या कोपऱ्यात रंग मांडून चाचांनी बाई काढली. विहिरीचा काठ, हातात कंदील, मागं कुणाची तरी सावली आणि उजवा खांदा उघडा. पाहताना रहेमानचा वस्तरा हवेतच थांबला.

"छापतेच!" सलूनात बसून गावाच्या नकला करणारा, म्हणजे हे लिहिणारा, ओरडला.

"नाही जात हे नागपूरले," चाचा म्हणाले.

"काहून?"

"माहा हात मले मालूम आहे, बेटा."

पैज लागली. लिहिणाऱ्यानं नुकतीच फुटलेली मिशी पणाला लावली.

खेमसिंगचा ट्रक दारात येऊन भोंगा वाजवू लागला. "ओ पेंटर! बाई तयार झाली का नाही? मले उशीर होऊन राह्यला!"

चित्र गुंडाळता गुंडाळता चाचा थबकले. "थंडी वाजून राह्यली तिले."

"चाचा, चित्र आहे ते!"

"मले दिसते ना."

कुंचला निळ्यात बुडाला. बाही कोपरापर्यंत आली, मग मनगटापर्यंत. हात थांबेचना. पदर डोक्यावर गेला तेव्हा खेमसिंग पचकन थुंकला आणि निघून गेला.

दिवाळी अंकावर दुसऱ्याच कुणाची बाई आली. नागपूरहून पुन्हा कधी निरोप आला नाही. चाचांची बाई सलूनात लागली आणि तिच्यासमोर रहेमाननं लिहिणाऱ्याची मिशी उतरवली. जिंकलेले चाचा बाकावर बसून होते. त्यांच्यासाठी मागवलेला चहा तसाच निवला.