सुमनची होडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. आज तरी का सांगते आहे — कोण जाणे.

आम्ही बचत गटाच्या बायका दोन दिवस एका बेटावर राहायला गेलो होतो. घोड नदीला धरण झालं, पाणी चढलं, आणि टेकडीवरची ती चार घरं पाण्याच्या मधोमध राहिली. तिथली माणसं कशी राहतात ते बघायचं होतं. मी महाळुंग्याची, जन्म गुराढोरांत गेला. होडीत पहिल्यांदाच बसले.

आम्ही उतरलो त्या घरची सून सुमन. माझ्या मुलीच्या वयाची. मी बोलत नाही म्हणून चिडवायची, "मावशी, तोंडाला कुलूप लावून आलायसा का?" तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला पलीकडच्या काठावर येणार होता.

बेटावर होडी एकच. त्या सकाळी सुमन होडीतनं पलीकडून दळण घेऊन आली, तेव्हा मी काठावरच होते. तिनं झाडाला दोर गुंडाळून पक्का बांधला. मी बघितलं.

मग सगळ्या भात झोडायला गेल्या. मी मागे राहिले. मला एकटीनं होडीत बसायचं होतं — एवढंच. दोर सोडला, काठाकाठानं थोडी तरंगले, परत आले. आणि बांधला कसा? घरी गाय बांधते तसा. एका हिसक्यात सुटणारी गाठ — गोठ्याला आग लागली तर जनावर पटकन मोकळं व्हावं म्हणून आमच्याकडं तशीच मारतात. पाण्यावर होडी सारखे हिसके देते, हे मला कुठं ठाऊक होतं? पण हे तरी कशाला सांगते आहे मी? चूक तिथं नाहीच. चूक पुढं आहे.

दुपारी वारा सुटला. होडी पार मध्यावर गेली. पलीकडून भाऊ हाका मारत होता, "ए सुमे!" सासू तिच्यावर तुटून पडली, "म्हायेराचं लई याड लागलंय! दोर बांधायचं बी भान न्हाई व्हय?"

"आत्या, मी बांधली व्हती." मग तिलाच खात्री वाटेना. माझ्याकडं वळली. "मावशी, तुमी व्हता की तितं. बांधली व्हती ना मी?"

"म्या न्हाई बघितलं," मी म्हटलं.

एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हे कसं फुटलं?

होडी वाऱ्यानं परत काठाला लागेपर्यंत अंधार पडला. भाऊ शेवटच्या एसटीनं निघून गेला होता. सासू म्हणाली, आता भात घरात आल्यावर जा. सकाळी सुमननंच आम्हाला पलीकडं सोडलं. माझ्या पिशवीत तिनं नवे तांदूळ घातले. मी ते घेतले. घरी शिजवले, खाल्लेसुद्धा.

पुढं गटाच्या बैठकीत कळलं — भात घरात यायच्या आधीच तिचे वडील गेले. तिची भेट झाली नाही. आपल्याच हातानं भेट चुकली म्हणून रडते, असं गटाच्या ताई सांगत होत्या. बायका हळहळल्या. मीही हळहळले, त्यांच्यासारखीच.

होडी मी सोडली होती. सुमननं बांधलेली मी बघितली होती.