नाना रस्ता ओलांडतात

चार रिकामी माणसं रोज सकाळी एकाच रस्त्याला लागली की किस्से साठतातच. आमच्या चौलात ते अंगणात सुपारी वाळत घालावी तसे पसरलेत. मी निवृत्त मास्तर, सुलभाताई नर्स होत्या, सलीमभाई एसटीचे ड्रायव्हर, आणि चौथे नाना. नानांचं घर रस्त्याच्या अलीकडे, नारळी-सुपारीची वाडी पलीकडे. गुडघ्यांमुळे त्यांना चालवत नाही, सायकल मात्र चालवता येते. हे कसं, ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही.

मागे एक बाईक त्यांना घासून गेली. तेव्हापासून त्यांच्या मुंबईच्या मुलाने, मिलिंदने, दम दिलाय, "आता नुसता ओरखडा आला तरी सायकलला कुलूप." सायकल गेली की नानांची वाडी सुटली. आम्हा सगळ्यांना त्याचीच धास्ती.

*

पहिला घोळ बाजूचा. सलीमभाई म्हणाले, "उजवीकडनं चाला, समोरची गाडी दिसते." सुलभाताई म्हणाल्या, "आमच्या बाईंनी डावीकडून शिकवलंय."

शेवटी सलीमभाई आणि मी उजवीकडे, सुलभाताई डावीकडे, नाना सायकलवर म्हणून तेही डावीकडे. गप्पा काही थांबेनात, त्या रस्त्यावरून ओरडून चालल्या. एक टेम्पोवाला गाडी थांबवून म्हणाला, "भांडण हाय का काय? मिटवू?"

त्यातच नानांनी विचारलं, "मी उतरून सायकल हातात धरली, तर माझी बाजू कुठली?" 

*

मग झेब्रा क्रॉसिंग. सुपारीच्या खोडांना उन्हाचा चटका बसू नये म्हणून नाना चुना लावतात. त्यातला उरलेला चुना घेऊन आम्ही वाडीसमोर पट्टे ओढले. मापं माझी, त्यामुळे पट्टे अगदी सरळ आले.

रविवारी बघतो तर पट्ट्यांच्या मधोमध पर्यटकांच्या दोन मोटारी नीट लावलेल्या. एकीतल्या मुलीने काच खाली केली. "अंकल, पार्किंग फ्री आहे ना?"

नाना म्हणाले, "फ्री आहे, पण आम्ही ओलांडायचं कुठून?"

"दोन गाड्यांच्या मधून जा ना."

नाना तिला थँक्यू म्हणाले. 

*

सलीमभाईंनी मग नानांना चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट आणून दिलं. ते घालून नानांनी हात वर केला आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. आम्हाला केवढा आनंद झाला! पण प्रत्येक ड्रायव्हर विचारायला लागला, "काका, रस्ता बंद आहे का? डायव्हर्जन कुठून?"

नानांना कोणाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी चार गाड्या आपल्या वाडीत पाठवल्या.

"गाड्या थांबतात हो," ते मला म्हणाले, "पण मग मी जाऊ, की यांना वाट सांगू?"

*

त्या गाड्या काढताना नानांच्या कोपराला खरचटलं आणि जाकिटासकट सगळं मिलिंदला कळलं. पुढच्याच रविवारी तो आला, नवंकोरं कुलूप घेऊन. नाना सायकलसकट वाडीत होते. आम्ही तिघं अलीकडच्या कठड्यावर बसलेलो. बापलेकांत आम्ही काय बोलणार?

मिलिंद आमच्या पट्ट्यांवर जाऊन उभा राहिला. एक पाऊल पुढे, दोन मागे. सुलभाताई म्हणाल्या, "जा." सलीमभाई म्हणाले, "थांब." रिक्षा गेली, बाईका गेल्या, मोटारींची रांग सुरू झाली. आमचा चहा आला, पिऊन झाला, तरी मिलिंद तिथेच.

शेवटी त्याने कुलूप खिशात टाकलं आणि फोन काढला.

"नाना, मी रस्त्याच्या अलीकडे आहे. ते जाकीट घालून मला न्यायला या ना."