खोड सांगितलेला गडी

ज्ञानबा पोल्याचा मुलगा प्रभू चौदा वर्षं फुटबॉल खेळला. पुणे, गोवा, कोलकाता, शिलाँग, लुधियाना, केरळ, परत कोलकाता, अशा नऊ-दहा टीमा झाल्या. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी मेंढरं वळणाऱ्या ज्ञानबाला यातलं एकच कळलं होतं. पोरगं कुठल्याच मालकाकडं टिकत नाही. हे कळल्यापासून त्याच्या डोक्यात जो गुंता झाला होता, तो काही सुटत नव्हता.

गावाकडं सालगडी पाडव्याला लागतो आणि पाडव्याला सुटतो. चांगल्या गड्याला मालक हातचा जाऊ देत नाही. दर पाडव्याला नवं दार धरणारा गडी दिसला, की लोक आधी विचारतात, याची खोड काय? प्रभू फोनवर सांगायचा, "बा, करार संपला की टीम बदलतेच. समदेच बदलतेत." ज्ञानबा व्हय व्हय म्हणायचा आणि फोन ठेवला की बायकोला विचारायचा, "काहून सोडून देतेत याला? कामचुकार तर न्हाई?"

"मला काय म्हाईत," सिंधूबाई म्हणायची. "तुमच्यावर गेलं असंल."

बरं, खेळ बघून काही उमगावं, तर तेही नाही. प्रभू बचावाला, म्हणजे मागं उभा राहणारा. बाकीची पोरं चेंडूसाठी जिवाचं रान करतात आणि ह्याच्या पायाशी चेंडू आपसूक आला, की हा लाथ मारून लांब भिरकावतो. हाती आलेली चीज कुणी फेकून देतं का? एकदा मात्र टीव्हीवर प्रभूच्या डोक्याला लागून चेंडू सरळ जाळ्यात गेला. ज्ञानबाने त्याच दिवशी गावभर पेढे वाटले. लोकांनीही तोंड गोड करून घेतलं. तो गोल प्रभूने स्वतःच्याच टीमवर केला होता, हे आठ दिवसांनी कळलं. तोवर पेढे सगळ्यांना पचले होते.

या साली प्रभू मे महिन्यात घरी आला तो राहिलाच. पाडवा होऊन दोन महिने उलटले, जून लागला, तरी कुठूनच बोलावणं नाही. रोज मेंढरांमागं यायचा आणि कालव्याच्या भिंतीवर फोन मांडीवर घेऊन बसायचा. एके दिवशी त्यानं आपण होऊनच सांगितलं.

"बा, गोव्याचा एक मॅनेजर इचार करून राहिला. मी चार सालामागं त्याच्याकडंच व्हतो. शेवटलं एक साल भेटलं ना, बस. मग माझ्या पायानं थांबतो. असं कुनी हाकलून दिल्यावानी न्हाई थांबायचं मला."

ज्ञानबाला वाईट वाटलं. चौदा वर्षं राबलेल्या माणसानं जाताना एवढंच मागावं, आणि तेही मिळू नये? मग त्याच्या ध्यानात आलं, की पोराच्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नाही. पाडवा हुकलेला गडी असा आपला आपण लागत नसतो. त्याला जामीन लागतो. चार माणसांत पत असलेला कुणीतरी मालकाकडं जातो, गड्याची खोड आधी सांगतो, मग गुण सांगतो. खोड झाकली तर पुढं जामीनच तोंडघशी पडतो. वसमतच्या बाजारात ज्ञानबाने चाळीस वर्षं मेंढरं विकली ती याच रीतीनं. लंगडं असेल तर लंगडं आधी सांगायचं. म्हणून तर गिऱ्हाईक त्याच्या मेंढराचा पाय उचलून बघत नसे.

गोव्याच्या मॅनेजरचा नंबर घरात होता. प्रभूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सिंधूबाईनं तो त्या सालच्या कॅलेंडरवर लिहून घेतला होता आणि कॅलेंडर जपून ठेवलं होतं. ज्ञानबा कॅलेंडरच घेऊन किराणावाल्या शिवशंकरकडं गेला. अडचण एकच होती. बाप जामीन राहत नसतो. पोटच्या पोराबद्दल बापाच्या शब्दाला काय किंमत?

शिवशंकरनं फोन लावून दिला. बाजारातल्या खाटकांशी बोलून बोलून ज्ञानबाची हिंदी चालण्यासारखी झाली होती.

"सलाम साब. मैं प्रभू के गाँव का आदमी बोलतूँ. उसका जामीन समझो."

"क्या? कौन?"

"पहले खोड बोलतूँ. बायाँ घुटना ऑपरेशन के बाद भी सूजता है. सुबह दीवार पकड के उठता. और उमर कागद पे कम है. मास्तर ने साळा में एक जून लिखा, दो साल उडा दिया. भूकंप हुआ तब ये मेंढी की दुम पकड के चलता था. अब गुण सुनो..."

पलीकडून आवाज येईना. "रेंज गेली असंल, मामा," शिवशंकर म्हणाला. परत लावला तर उचलला नाही. गुण सांगायचे राहिले याची ज्ञानबाला रुखरुख लागली, पण खोड स्वच्छ सांगितली होती. एवढं ऐकल्यावर मालकाचा भरवसा बसतोच, असा त्याचा अनुभव होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रभू घरी आला तो लालबुंद होऊन. त्यानं फोन बाजेवर आपटला.

"गावात माझ्यावर कोन जळून राहिलं, बा? कुनीतरी मॅनेजरला फोन केला. गुडघा सांगितला, वय सांगितलं. मॅनेजर म्हनला, तेरे गाँव में तेरा दुश्मन है. उद्या कराराचा कागद येनार व्हता माझा. उद्या!"

सिंधूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ज्ञानबाला काही म्हणजे काही कळेना. दुश्मन? दुश्मन कधी फोन करून खोड सांगतो का? तो तर झाकतो आणि मागून हसतो. पण उद्या कागद येणार होता, एवढं मात्र त्याला कळलं.

"म्या केला व्हता," तो म्हणाला.

"तू?"

"तुझ्या बाजूनं बोलाया कुनी नव्हतं, म्हून."

"मग बाप हाय म्हून काहून न्हाई सांगितलं?"

"बापाला जामीन कोन धरतंय?"

प्रभू उंबऱ्यात बसला. चौदा वर्षं तो मॅनेजरांच्या, डॉक्टरांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकत आला होता. आपल्यासाठी कॅलेंडर काखेत मारून कुणी फोन लावायला गेलं असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. शेवटी त्यानं फोन उचलला.

"सर, वो दुश्मन नहीं था. मेरे पिताजी थे. जो बोले, सब बराबर बोले." पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "जी. समझ गया. शुक्रिया," आणि फोन खिशात ठेवला.

"मग?" ज्ञानबा घाबरत म्हणाला. "ठिवून घेतलं का?"

"न्हाई." प्रभूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसायला बघत होते. "माझ्या पायानं थांबलो, बा. सर म्हनले, गुन सांगायचे ऱ्हायले तुझे. सांग की आता."

पोराच्या तोंडावर गुण कसे सांगायचे, हे ज्ञानबाला कुणी शिकवलं नव्हतं. तो घोंगडी झटकत राहिला. कालव्याच्या वाटेनं मेंढरं न्यायची, तर उसाच्या अंगाला चालणारा गडी पक्का लागतो. एक मेंढरू उसात घुसलं, की सगळा कळप मागोमाग, आणि मग गावात डोकी फुटतात. ती बाजू ज्ञानबाने आजवर कुणाला दिली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही.

"सकाळी उसाच्या अंगानं तू चाल," तो म्हणाला.