बाळा भुवडचं धुकं

बाळा भुवडने एकोणतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली बावीस कुंभार्ली घाटात. बायको, पोरं, शेत सगळं अलोऱ्यात, जीव मात्र घाटात. त्यातही त्याला सगळ्यात आवडायचं ते रात्रीचं धुकं. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात. हा आतले दिवे मालवायचा, शेजारची काच खाली करायचा आणि नव्या नवरीला पालखीतून आणावं तशी गाडी उतरवायचा.

"धुक्यात कोन कोनाच्या फुडं जात नाय, मास्तर," तो म्हणायचा. "हॉर्न नाय, घाई नाय. आपुन आन् चार हात रस्ता, बस." त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून मी हे सुख कित्येकदा वाटून घेतलंय. खोटं कशाला बोलू, इतकी शांत झोप मला घरीही लागत नाही.

गेल्या चैत्रात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून आहे ती टिकते का बघू, म्हणाले. बाळाने हे घरी सांगितलं नाही, डेपोत सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. श्रावणात ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी होती. नापास झाला की स्टिअरिंग सुटलं. मग डेपोच्या फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा लिहायच्या. त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणाला.

आणि मी, जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळलेला मास्तर, चष्म्याचं निमित्त काढून तपासणीच्या दवाखान्यात गेलो आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कागदावर उतरवून आणला. बाळा तीन दिवसांत तो पाढ्यासारखा म्हणू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वर मीच त्याला म्हणालो. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी कराडहून शेवटच्या गाडीने येत होतो. घाटमाथा ओलांडला तशी बाळाने गाडी हळू केली, काच खाली केली. "पडलं बघा," तो खुशीत म्हणाला. मी पेंगत होतो. मागून दोन मोटारी हॉर्न वाजवत भरधाव पुढे गेल्या, तेव्हा जाग आली. कंडक्टर करुणा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती.

"काका, गाडी एवढी हळू कशाला?" ती हळूच म्हणाली. "धुकं नाय आज."

बाळा हसला. ते हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मान न वळवता विचारलं, "मास्तर, खालचे दिवे दिसतायत?"

अलोऱ्याच्या कॉलनीचे दिवे दिसत होते. पोफळीचे दिसत होते. त्याला माझ्याकडून 'नाही' हवं होतं, आणि या वेळी ते माझ्याच्याने म्हणवेना.

"दिसतायत रे," मी म्हणालो. "सगळे."

बाळा इंजिन बंद करून उतरला, प्रवाशांच्या दाराने वर चढला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. करुणाने डेपोत फोन लावला. दुसरा ड्रायव्हर यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात मागे कुणी कुरकुर केली, त्याला तिने गप्प बसवलं.

सोमवारी बाळा तपासणीला गेलाच नाही, स्टिअरिंग त्याने आपणहून सोडलं. तक्ता त्याला अजून पाठ आहे, मलाही.