दिनकरचं एकच विमान

हैदराबादची बस लागली तेव्हा अण्णा कंडक्टरला सांगत होते, "पोरगं पायलट हाय, खिडकीजवळ बसवा." मी मान खाली घालून उभा. पायलट माणूस एसटीनं चाललाय, यावर स्टँडवरची चार डोकी वळून हसली होती. मायनं बांधून दिलेले धपाटे आणि ठेचा पिशवीत होता, त्याचा वास माझ्या नव्या शर्टाला लागला होता. आणि शेजारी दिनकर उभा होता, माझी बॅग खांद्यावर घेऊन.

दिनकर लासूर स्टेशनचा. आपल्या संभाजीनगरच्या विमानतळाच्या कडेला जो उड्डाण क्लब आहे, तिथं आम्ही दोघं एकाच छोट्या सेसना विमानावर उडायला शिकलो. छावणीत एका खोलीत राहिलो, एकाच स्टोव्हवर खिचडी जाळली, आणि लायसन्सही बरोबरच हातात पडलं. हैदराबादच्या कंपनीनं बोलावलं ते दोघांनाही. हा पठ्ठ्या म्हणाला, मी क्लबातच शिकवायला राहतो. मी त्याला चहाला नेऊन परोपरीनं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू जा ना बे. मला इथंच बरं वाटतं." मला त्याची कीव आली. खरंच सांगतो, कीव.

बस हलली तसे अण्णा खिडकीशी आले. म्हणाले, "हा दिनू लई मागं लागलाय, अण्णा एकदा इमानात बसा म्हनून. म्या म्हनलं, नाय. बसंन तर माझ्या पोराच्याच इमानात बसंन." पिशोरच्या शेतकऱ्यानं बसच्या खिडकीत दिलेला शब्द. तो मी बरोबर घेऊन गेलो आणि पुढची कैक वर्षं त्याच्यावर निर्धास्त राहिलो.

तुमच्यापैकी जे घर सोडून गेले, ते वर्षांचा हिशोब ठेवतात, नाहीतर पत्त्यांचा. आम्हा लोकांचा हिशोब विमानांवर चालतो. हैदराबादला दोन पंख्यांचं एटीआर. थोरली मुलगी एटीआरच्या काळातली. मग गुडगावला सात-तीन-सात, धाकटा त्या काळातला. ती कंपनी एका सकाळी बंद पडली. मग जर्मनीत मालवाहू जंबो. पाठीमागं कधी घोडे, कधी गुलाबाची फुलं, कधी गाड्यांचे सुटे भाग, आणि बायको-पोरं गुडगावातच. मग आखातात ट्रिपल सेव्हन. आता तिसाव्या मजल्यावर राहतो, एसी बंद केला की घर तव्यासारखं तापतं, आणि मुलगी मायला फोनवर "आजी, हाऊ आर यू, जेवलीस का" असं एका दमात विचारते.

लोकांना वाटतं, वा, केवढी विमानं उडवली यानं. पिशोरला गेलो की पोरं गोळा होतात, एकेकाचं नाव विचारतात, मीही सांगतो छाती काढून. पण नवं विमान म्हणजे काय, ते आतून सांगतो. एका वेळी आम्ही एकच उडवतो. नवं हातात आलं की महिनोन्महिने सिम्युलेटरमध्ये घाम गाळून त्याचं रेटिंग, म्हणजे परवाना, मिळवायचा, आणि जुन्याचे आकडे डोक्यातून काढून टाकायचे, नाहीतर ते नको तिथं तोंड वर काढतात. नवं विमान, नवा गणवेश, नवं गाव, नवा घरमालक, पोरांना नवी शाळा. चार वर्षं मान मोडून कॅप्टन झालो, तर पुढच्या कंपनीत पुन्हा उजव्या सीटवर ज्युनिअर. दर वेळी नव्या नवरीसारखं सासर शिकायचं.

आणि दिनकर? तीच सेसना. रंग दोनदा दिला, इंजिन बदललं, सीटची कव्हरं शिवून घेतली, पण विमान तेच. सकाळी पोरांना उडवायचं, दुपारी घरी जेवायला जायचं. जेवायला घरी! पहिली काही वर्षं मी त्याला हसायचो. मग कधीतरी हसणं बंद झालं. नेमकं कधी, ते मलाही सांगता येणार नाही. फोन केला की माय सांगायची, दिनू आला होता, गॅसची टाकी लावून गेला. दिनूनं कपाशीला फवारणीची माणसं पाहून दिली. दिनूच्या मोटारसायकलवर अण्णा बाजाराला गेले. दिनू, दिनू, दिनू. मी म्हणायचो, चांगला आहे दिनू. आणि फोन ठेवल्यावर उगाच बायकोवर खेकसायचो.

तरी एक गोष्ट माझी होती. अण्णा अजून विमानात बसले नव्हते. मी दर सुट्टीला बोलवायचो आणि ते म्हणायचे, बसू की, काय घाई हाय, आधी मका निघू दे. मका निघाला की अद्रक, अद्रक निघाली की कुणाचं तरी लग्न.

मग एका दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज खुशीत. म्हणाले, "काल दिनूच्या इमानात बसलो."

मी हॉटेलच्या खोलीत बूट घालत होतो, एक पायात, एक हातात. अण्णा पुढं सांगत राहिले. डोळ्यांना कसंतरी होत होतं म्हणून दिनकरनं त्यांना शहरात डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, औषधानं फार तर दम धरेल, पण दिसतं ते हळूहळू बारीक होत जाणार. "मंग म्या दिनूला म्हनलं, बाबा, दिसतंय तंवर शेत एकदा वरून दाखव. लगेच नेलं बघ त्यानं. आपली विहीर केवढीशी दिसती रे वरून, वाटीएवढी."

डोळ्यांचं ऐकून मला आधी काळजी वाटायला पाहिजे होती. वाटली, पण नंतर. आधी वाटला तो जळफळाट. बापाची नजर जातेय हे मला दिनकरनंतर कळलं. बापाचं पहिलं उड्डाण दिनकरच्या शेजारी बसून झालं. मी अर्धी पृथ्वी लोकांचे बाप इकडून तिकडं नेत होतो आणि माझा बाप त्या खटाऱ्यात बसून पिशोर पाहून आला. मायला विचारलं, मला का सांगितलं नाही. ती म्हणाली, "तू वर आभाळात असतो, उगा घोर नको म्हनून."

मी इरेला पेटलो. अण्णांचा पासपोर्ट केला, व्हिसा काढला, ड्युट्या बदलून घेतल्या आणि मुंबईहून येणारं ट्रिपल सेव्हन स्वतः घेऊन आलो. त्यांना सगळ्यात पुढची, झोपता येईल अशी सीट. अनाउन्समेंटला इंग्रजी झाल्यावर मुद्दाम मराठीत बोललो, "अण्णा, तुमचा मुलगा बोलतोय." केबिनमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कॉकपिटचं दार उड्डाणात उघडत नाही, म्हणून उतरल्यावर आत बोलावून सगळं दाखवायचं ठरवलं होतं. पण माझं कागदपत्रांचं काम उरकेपर्यंत व्हीलचेअरवाला त्यांना घेऊन गेलासुद्धा.

घरी आल्यावर विचारलं, कसं वाटलं? अण्णांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "चांगलं होतं. गारेगार. जेवायला लई देतात." मी म्हटलं, आणि माझा आवाज? ते म्हणाले, "आला ना. पर आवाज तर रोज फोनवर येतोच की."

दिनकरच्या सेसनात माणूस पायलटच्या खांद्याला खांदा लावून बसतो. माझ्या विमानात साडेतीनशे माणसं बसतात आणि एकालाही मी दिसत नाही. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. अण्णांच्या नजरेचं वर्तुळ तोवर आणखी बारीक झालं होतं. ताटाच्या कडेची वाटी त्यांना हातानं चाचपावी लागत होती. मी ठरवलं, आता उशीर नको. अण्णांना माझ्या शेजारी बसवून पिशोरवरून न्यायचं, सेसनानंच.

रजा काढून आलो. पण क्लबाचा नियम असा, की इतकी वर्षं सेसनाला हात लावला नसेल तर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर उडायचं, त्यानं हो म्हटलं तरच कुणाला बसवायचं. आणि इन्स्ट्रक्टर कोण? आता माझा बाप मला फिरवायचा तर परवानगी दिनकरची. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गेलो. अण्णांना ऑफिसच्या सावलीत खुर्ची टाकून दिली आणि मी डावीकडं बसलो, दिनकर उजवीकडं.

वर गेलं छान. वळणं छान. उतरायला आलो, धावपट्टी समोर, आणि मी नेहमीसारखं हळूच नाक उचललं. तेवढ्यात वेग फार पडल्याच्या इशाऱ्याची पिपाणी कोकलायला लागली, विमान हातातून ढिलं पडलं, आणि दिनकरनं दांडा ढकलून इंजिनला जोर देत म्हटलं, "माझ्याकडं दे." आम्ही दाणकन आपटता आपटता पुन्हा वर निघालो. ट्रिपल सेव्हनमध्ये चाकं टेकतात तेव्हाही पायलट दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर बसलेला असतो. डोळ्यांना त्याच उंचीची सवय. सेसनात तर बूड जमिनीपासून हातभर. म्हणजे मी चांगला घराएवढ्या उंचीवर विमान टेकवत होतो.

दिनकर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "कॅप्टन, जमीन अजून खाली हाय." मग पुन्हा नेलं, पुन्हा शिकवलं, विशीतल्या पोराला शिकवावं तसं, न चिडता. दुपारपर्यंत माझा डोळा खाली आला. शेवटचं टेकवणं बरं झालं तेव्हा तो उतरला, अण्णांना हाताला धरून घेऊन आला, त्यांचा पट्टा लावला, कानावर हेडफोन बसवले. त्या हातांकडं मी बघत होतो. हे सगळं तो किती सवयीनं करत होता, आणि अण्णाही त्याला किती सवयीनं करू देत होते. माझं काळीज जळत होतं, खोटं कशाला बोलू.

दौलताबादचा किल्ला डावीकडं ठेवून आम्ही वर निघालो. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "दिनू सावकाश वळवतो." मी सावकाश वळवायला लागलो.

डोंगर ओलांडले, धरणाचं पाणी आलं आणि पिशोर दिसलं. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या बाजूला बघा. विहीर आली. पलीकडं अद्रकीचा तुकडा." त्यांना नीट दिसावं म्हणून विमान उजवीकडं कलतं केलं. मान वळवून पाहिलं तर अण्णांचं खाली लक्षच नव्हतं. ते पूर्ण माझ्याकडं तोंड करून बसले होते. काचबिंदूच्या माणसाला समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही, म्हणून काही पाहायचं तर सगळं तोंड तिकडं करावं लागतं. एकदा माझ्या हाताकडं, एकदा चेहऱ्याकडं, पुन्हा हाताकडं.

"अण्णा, शेत मागं चाललं."

"जाऊ दे," हेडफोनमधून आवाज आला. "शेत दिनूनं दाखवलंय. तुला काम करताना म्या कधी पाह्यलं?"

मी पिशोरला आणखी दोन घिरट्या घातल्या. त्यांनी त्यातली एकही खाली बघण्यात घालवली नाही.

परत आखातात येऊन आता बरेच दिवस झाले. माझा हेवा गेला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. काल मायचा फोन होता, उद्या दिनू अण्णांना तपासणीला नेणार आहे. मी म्हटलं, बरं. आणि इथं पोटात दुखलं ते दुखलंच. इतकी विमानं बदलली, इतकी गावं बदलली, आणि त्या एका सेसनावाल्याच्या जागी बसता येईल असं रेटिंग कुठं मिळत नाही.

इथले लोक विचारतात, तुमचं घर कुठं? पूर्वी मी पिशोर म्हणायचो, मग संभाजीनगर, मग या इमारतीचं नाव. आता खरं उत्तर वेगळं आहे, ते मी त्यांना देत नाही, तुम्हाला देतो. अण्णांना अजून जेवढं दिसतं, तेवढं माझं घर. ते दर वर्षी लहान होतंय. मी त्यात रजेपुरता असतो, आणि दिनकर रोज.