रशीदचा मुक्काम

दुपारपासून माझी मुलगी एका कोरियन कादंबरीच्या मराठी अनुवादात बुडाली होती. आता मात्र ती एकाच पानावर बोट ठेवून खिडकीबाहेर बघत बसली आहे. ते पान मला माहीत आहे, कालच वाचलंय मी. सैनिक गावात शिरले तेव्हा आपण मैत्रिणीला घरात लपवलं, असं आयुष्यभर सांगत आलेली म्हातारी त्या पानावर कबूल करते, की तिने दार उघडलंच नव्हतं.

आमच्या घरचा गोष्टीवेल्हाळ माणूस मी. दंगलीत माझा मित्र रशीद आमच्याकडे लपला होता, ही गोष्ट मी दर दिवाळीला फराळासोबत वाढतो. सुरुवातीला तो एकच रात्र राहिला होता. अलीकडे त्याचा मुक्काम चार दिवसांवर गेलाय. आईने त्याला स्वतःच्या ताटातली खिचडी दिली, हे तर मी मागच्याच वर्षी घातलं. सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेसुद्धा.

खरं एवढंच, की त्याने तीनदा हाक मारली आणि मी आतून कडीवर हात ठेवून उभा राहिलो.

भ्यायलेल्या माणसाला कदाचित माफी असेल. पण त्या भीतीवर इतकी वर्षं कौतुक खाणाऱ्याला?

"बाबा," मान न वळवता मुलीने विचारलं, "रशीदकाकांचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"शोधावा लागेल गं."

"शोध ना. मी बसलेय इथेच."