पेशीवाला सोपान

कळसच्या सोपानने पुण्याला पेशीविभाजनावर संशोधन सुरू केलं आणि गावात बोभाटा झाला, की गोजरबाईचा धाकटा वाटण्यांच्या केसेस चालवतो. गावाचं तरी काय चुकलं? इंदापूरच्या कचेरीत पेशी म्हणजे तारीख आणि विभाजन म्हणजे वाटणी. सोपान सुट्टीला आला, की लोक सातबाराचे उतारे घेऊन ओट्यावर हजर. आणि हा बिचारा यीस्टमधली गुणसूत्रं बघणारा. स्वतःच्या रानाचा बांध कुठला, हेही तो दुसऱ्यांना विचारून सांगे.

दोन हजार पाचच्या दिवाळीत घरातच वाटणी निघाली. थोरला सिद्धू आणि मधला बिरू वेगळे होणार होते. रान झालं, विहिरीचं पाणी झालं, म्हशी झाल्या. गाडं अडलं ते आईपाशी. ती कुणाकडं राहणार म्हटल्यावर दोघंही आढ्याकडं बघू लागले.

शेवटी चुलते तात्या म्हणाले, "सोपानराव, तुमच्या पेशीत कसं करत्यात?"

सोपानची कळी खुलली. त्याचं काम घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. "वाटणीआधी दर गुणसूत्राची जोडी व्हतीय. दोन्ही टोकांकडनं दोर येत्यात आन् जोडीतल्या एकेकाला धरत्यात. तितं किनेज नावाचं प्रथिन असतंय, आपला तलाठीच समजा. दोर चुकीचा लागला, ओढ सैल पडली, की त्यो फॉस्फेटचा शिक्का मारून दोर सोडवतोय. पुन्यांदा धरा म्हंतोय. दोन्हीकडनं नीट ओढ लागल्याबिगर वाटणी न्हाय."

"चहापाणी काय घेतोय?" सिद्धूनं विचारलं.

"कायबी न्हाय."

"मग कसला तलाठी!" बिरू म्हणाला आणि सगळा ओटा खदखदला.

त्या हसण्यातच निकाल लागला. आई सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. सोपानचं नाव कुणी काढलं नाही. पुण्यातली खोली किती लहान आहे, हे सांगायची तयारी तो एसटीतच करून आला होता. ती वाया गेली, याचं त्याला बरंच वाटलं.

निघताना गोजरबाईनं त्याच्या पिशवीत भाकरी बांधून दिली.

"सोपाना, दोन्हीकडनं वढ असल्याबिगर वाटणी व्हत न्हाय म्हनलास न्हवं?"

"व्हय."

"मला तर कुनीच वढंना. मग माजी कशी झाली रं?"

त्याच्या विषयावर इतका नेमका प्रश्न पुण्यातही कुणी विचारला नव्हता. सोपानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडी चुकंल, आये," तो म्हणाला आणि पिशवी उचलून फाट्याकडं निघाला.